ओळीच्या मध्यातला श्वास

विद्यार्थी दर सोमवारी नेमून दिलेले एकच गाणे आपापल्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवत आणि मंगळवारी सकाळी गायिका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती गाणी एकामागून एक ऐकत असे. समोर तिची थोरली बहीण वाटाणे सोलत बसे. बहिणीला गाण्यातले काही कळत नव्हते आणि त्याचा तिला थोडा अभिमानच होता.

त्या मंगळवारी चौथे गाणे संपले तेव्हा ती म्हणाली, "काय गं, ही सगळी माणसं एकाच जागी का अडखळतात? तिथली पायरी तुटलीय का?"

"कुठे अडखळतात?"

"आता मी सांगू होय तुला! ते वर चढतात ना, तिथे. मध्येच हवा ओढतात आणि मग पुढे जातात."

गायिकेने चारही गाणी पुन्हा लावली. दातांच्या डॉक्टरीणबाई, शहरबसचा ड्रायव्हर, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून आणि शाळेत जाणारी एक मुलगी. आवाज चार तऱ्हांचे, वये वेगळी. पण दुसऱ्या ओळीचा सूर वर चढताना, शब्दाच्या ऐन मध्यात, चौघेही एक चोरटा श्वास घेत होते. एकाची चूक निष्काळजीपणाची असू शकते. चौघांची एकच चूक कोणाकडून तरी आलेली असते.

तिने फोन स्वतःसमोर धरला, ती ओळ गायली आणि ऐकली. श्वास होता.

दोन वर्षांपूर्वी तिला न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून कार्यक्रम आटले आणि घर शिकवणीवर चालू लागले. आजारात छातीने स्वतःपुरती शोधलेली ही पळवाट बरे झाल्यावरही राहून गेली होती, आणि तिच्या कानांनी तिला आजवर पाठीशी घातले होते. शिकवण्याची तिची रीत एकच: आधी आपण गायचे, मग त्यांनी तसेच गायचे. त्यांनी अगदी तसेच गायले होते.

"आडात असेल तेच पोहऱ्यात येणार," बहीण म्हणाली. मग तिचा चेहरा पाहून तिने वाटाण्यांचे भांडे बाजूला सारले. "हे बघ, कुणाला सांगू नकोस. हळूच दुरुस्त करून टाक. पोस्टासमोर ती काचेच्या दारांची नवी गाण्याची संस्था उघडलीय. सगळे तिकडे गेले तर आपण काय करायचं? वाटाणे विकायचे?"

"अक्का, दोन वर्षं मी कारकूनकाकांना म्हणतेय, तुमची ओळ उभी राहत नाही, तुमची मेहनत कमी पडते. आणि ते मान खाली घालून ऐकून घेतात."

बहिणीने पुन्हा भांडे ओढले. एरवी शेवटचा शब्द तिचा असे. आज तिने तो सोडून दिला.

गुरुवारी दुपारी पुढच्या खोलीत आठ जण खुर्च्यांवर बसले. मुलीची आई नेहमीप्रमाणे दाराशी थांबली होती. गायिकेने कीबोर्ड उघडलाच नाही. आजार, तो श्वास, चार गाणी, सगळे तिने सरळ सांगितले. "तुमची मेहनत कमी नव्हती. चूक मी शिकवली. कुणाला दुसरीकडे शिकायचं असेल, तर मी स्वतः पत्र लिहून देईन."

मग कारकून घसा खाकरत म्हणाले, "बत्तीस वर्षं कोर्टात काढली, ताई. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केलेला आरोपी आज बघतोय."

खोली हसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांनी बिघडवलेले दात माझ्याकडे रोज येतात. बिघडवणारा काही कधी सांगायला येत नाही."

मुलीची आई मात्र हसली नाही. "हिची परीक्षा तोंडावर आलीय. राग मानू नका, पण ते पत्र द्या."

गायिकेने तिथेच पत्र लिहिले: मुलीचा कान तयार आहे, आवाज निर्मळ आहे, दुसऱ्या ओळीतला दोष शिक्षिकेचा आहे. मुलगी "येते, ताई" म्हणाली आणि आईमागून जिना उतरली. गायिका उघड्या दाराकडे पाहत राहिली. एक जण उठला की बाकीच्यांना उठणे सोपे जाते, हे तिने सभागृहांत पाहिले होते.

ड्रायव्हर उठला. तिने दुसऱ्या पत्रासाठी कागद पुढे ओढला.

त्याने दार लावले आणि तो परत येऊन बसला. "वारा येतोय. पाचला माझी ड्युटी आहे, ताई. ओळ कशी म्हणायची तेवढं सांगा."

"मला म्हणून दाखवता येणार नाही. अजून नाही."

"मग बोलून सांगा की. आम्ही बघतो."

तिने बोलून सांगितले. ओळ सुरू होण्याआधी श्वास सावकाश, बरगड्या रुंदावेपर्यंत घ्यायचा. पहिल्याच शब्दावर तो उधळायचा नाही.

"पगार झाल्यासारखा!" आतून बहीण ओरडली.

मग एकेकाने ओळ म्हणून पाहिली. दम पुरवताना डॉक्टरीणबाई लालबुंद झाल्या, कारकुनांना ठसका लागला. ड्रायव्हरची ओळ मात्र शेवटपर्यंत गेली.

"बेसूर होतं ना?" त्याने विचारले.

"होतं. पण कुठेही तुटलं नाही."

तिसऱ्या खेपेला सातही जण एकत्र गायले आणि ओळ वर चढत गेली, न थांबता, पूर्ण. या माणसांनी दोन वर्षे तिच्या घरची चूल पेटती ठेवली होती. त्याबद्दल ती मनोमन त्यांचे आभार मानत आली होती. त्या आभारांना आजवर किती तोकडे माप लावले होते, हे तिला त्या ओळीखाली बसून उमगले. डोळे पुसायला तिला वेळ मिळाला नाही, कारण कारकून म्हणत होते, "आता तुम्हीही, ताई. आम्ही आहोत बरोबर."

तिने श्वास घेतला आणि त्यांच्यात सूर मिसळला. वर चढताना, शब्दाच्या ऐन मध्यात, छाती तिला न विचारताच किंचित उघडली.

"घेतलात, ताई! श्वास घेतलात!" कारकून खुर्चीवरून जवळजवळ उडालेच.

"घेतला," ती हसत म्हणाली. "चला, पुन्हा."