पाठीवरचा हात

सकाळी सात वाजता टॅक्सीच्या थांब्यावर इतकी माणसं जमली होती, की टॅक्सीलाच बाहेर पडायला वाट मिळेना. प्रवासी म्हणावेत तर एकाच्याही हातात बॅग नव्हती. सगळे वाकून एका गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होते. थंडीने काच आतून पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यावर मधोमध एक हात उमटला होता. पाचही बोटं पसरलेला, स्वच्छ, पारदर्शक हात. कोणी काढलेला नाही, कोणी चिकटवलेला नाही. काल सकाळी तो तिथे नव्हता, हे पन्नास जण शपथेवर सांगायला तयार होते.

"बघून घ्या, बघून घ्या!" थांब्याजवळ मुक्काम टाकलेल्या बाबांचा चेला ओरडत होता. "बाबांनी पाठीवर हात ठेवला, तो काचेवर उमटला! श्रद्धा असेल त्याला दिसेल. शंका असेल त्याला डोळे असून दिसणार नाही!"

ही सोय फार जुनी आहे. दिसलं तर बाबांची कृपा, नाही दिसलं तर तुमचं पाप. छापा आला तरी बाबा, काटा आला तरी बाबा.

गर्दीच्या मागे एक बाई टाचा उंचावून उभी होती. तिला थांब्यावर सगळे स्टिकरवाली ताई म्हणत. घरातल्या जेवणाच्या टेबलावर कटर मशीन ठेवून ती गाड्यांचे स्टिकर कापायची, आणि साबणपाण्याची बाटली, रबरी पट्टी नि फडका पिशवीत टाकून ते लावायला यायची. खांद्यांच्या फटीतून तिला जेमतेम तीन बोटांची टोकं दिसली. तेवढ्यात काचेवर ऊन आलं, धुकं विरलं आणि हात नाहीसा झाला. गर्दीने हात जोडले. गाडीचा मालक तर कौतुकाने फुलून गेला होता. तो तिचा धाकटा भाऊ होता.

दुपारी तो तिच्याकडे आला. ती टेबलावर वाकून स्टिकरच्या अक्षरांभोवतीचा कचरा चिमट्याने उचलत होती. या धंद्यात मशीन फक्त रेघ कापतं. रेघेबाहेरचं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचा चिकट प्लॅस्टिक कागद, हाताने सोलून टाकावं लागतं. अक्षर गिऱ्हाइकाचं आणि कचरा आपला, असा साधा हिशोब.

"गोळ्या घेतोस ना रे?" तिने मान वर न करता विचारलं.

"घेतो गं."

"डबी दाखव."

"ताई, मी काय शाळेतला पोर आहे का आता?"

त्याला विसाव्या वर्षापासून फिट यायच्या. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाल्यापासून तीन वर्षांत एकही आली नव्हती, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंनी गाडीला परवानगी दिली. वर बजावलं, "गोळी चुकली, तर त्या दिवशी गाडी नाही."

"बाबा गोळ्यांबद्दल काय म्हणतात?" ताईने विचारलं.

तो घुटमळला. "ते म्हणतात, दोन हात एकदम धरता येत नाहीत. डॉक्टरचा धर, नाहीतर आमचा."

"अरे, मग डॉक्टरीणबाईंचा धर ना! शिकलेला आहे तो हात."

"तुझी करंगळी वाकडी, तसं तुझं बोलणंही वाकडंच," तो हसून म्हणाला. ती डावी करंगळी लहानपणी त्यानेच दारात चेंगरली होती. वरच्या पेरात ती जन्माची बाहेर वळून राहिली. आईचा मार मात्र दोघांनी वाटून खाल्ला होता.

"तो हात कसा उमटला पण?"

"मी डोळे मिटून बाबांसमोर बसलो होतो. चेल्याने गाडी शुद्ध केली. आता तीन महिने काच आतून पुसायची नाही. पुसली, की हात रागावतो."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. दोन महिन्यांपूर्वी एक गोडबोल्या गिऱ्हाईक येऊन साठ पंजे कापून घेऊन गेला होता. "पंजा कोणाचाही चालेल," म्हणाला, म्हणून तिने स्वतःचाच हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. विचित्र एवढंच, की त्याला आतले पंजे नको होते. "ते टाकून द्या. मला भोवतीचा कचरा हवा," असं तो म्हणाला. बालवाडीच्या भिंती रंगवायच्या आहेत, असंही काहीतरी पुटपुटला. रंगवायला तसा साचा लागतो, हे तिला पटलं. गिऱ्हाइकाला फार खोदून विचारू नये, असा तिचा नियम होता.

आता तिला वाटलं, गाडीची काच एकदा नीट बघावी. पण बाहेर लख्ख ऊन होतं, काचेवर काही दिसलं नसतं. भाऊ घाईत होता. बघू उद्या, असं म्हणून तिने चिमटा पुन्हा हातात घेतला.

उद्या राहून गेलं. परवाही राहून गेलं.

नवव्या दिवशी वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. समोरच्या दुकानदाराने पाहिलं होतं. "ब्रेक लागलाच नाही हो. माणूस स्टिअरिंगवर ताठ झाला होता." गाडी सरळ भिंतीवर गेली. मागे प्रवासी नव्हता, म्हणून एकच माणूस गेला. रक्तात गोळीचा मागमूस नव्हता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या स्वतःच रडू लागल्या.

पाच दिवसांनी ताई थांब्याशेजारच्या गॅरेजमध्ये गेली. गाडीत भावाचा स्वेटर राहिला होता. बोनेट पार चेपलं होतं, पण मागचा भाग धड होता. ती मागच्या सीटवर बसली, स्वेटर तोंडाशी धरला आणि इतक्या दिवसांचं रडून घेतलं. सकाळची थंडी होती. डोळे पुसून तिने मागे वळून पाहिलं, तर तिच्या श्वासाने काच पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यावर हात उमटला होता.

करंगळी वरच्या पेरात बाहेर वळलेली.

 तिने आपला डावा हात काचेजवळ नेला, न टेकवता. बोटाशी बोट जुळलं. करंगळीशी करंगळी जुळली. सगळं एका क्षणात कळलं, आणि कळायला चौदा दिवस उशीर झाला होता.

शंभर पावलांवर बाबांचं बोलणं चाललं होतं. आज खुलासा द्यावाच लागणार होता, कारण हातवाला माणूस मेला होता.

"आम्ही हात दिला होता!" बाबा डोळे मिटून सांगत होते. "त्याने शंका घेतली. हात निघून गेला. हात असता, तर त्याला ओरखडाही आला नसता!"

शेजारी एक पिंप होतं. औषधांचा त्याग केलेल्या भक्तांच्या गोळ्या त्यात पडत. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या.

ताई गर्दीत शिरली. "हात निघून गेला म्हणता? गाडी इथे शेजारी आहे. चला, बघू."

"दुःखाने भान सुटलंय बिचारीचं," चेला म्हणाला.

"सुटू दे. चला."

गेलेला माणूस सगळ्या ड्रायव्हरांचा सोबती होता. ते निघाले, त्यांच्यामागे गर्दी निघाली, आणि मग बाबांनाही यावं लागलं. ताईने थांब्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या ड्रायव्हरला मागच्या सीटवर बसवलं. "काका, काचेवर तोंडाची वाफ सोडा."

काकांनी वाफ सोडली. हात उमटला. बाहेरून सगळ्यांना दिसला.

"हात तर इथेच आहे, बाबा," ताई म्हणाली. "माझा भाऊ कुठे आहे?"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबा चेल्याकडे बघू लागले.

मग ती काकांशेजारी बसली, डावा हात काचेवरच्या हाताशेजारी धरला आणि तसाच ठेवला. काका एकदा काचेकडे बघत, एकदा तिच्या करंगळीकडे. "अरे, हा हिचाच हात आहे!" ते ओरडले.

"माझाच आहे. बालवाडीच्या भिंतींचं निमित्त सांगून यांच्याच माणसाने तो माझ्याकडून कापून नेला." तिने पिशवीतली साबणपाण्याची बाटली काढली. "यात काही मंत्र नाही. स्टिकर काचेवर नीट सरकावा म्हणून आम्ही हे मारतो. कुठे पुसायचं राहिलं, तर सुकल्यावर काही दिसत नाही. पण थंडीत सगळी काच धुकटते आणि तेवढीच जागा धुकटत नाही. साबणावर वाफेचे थेंब बसत नाहीत, पाणी पसरून जातं. कचऱ्याचा साचा लावला, आत साबण चोळला, साचा काढला, की झाला चमत्कार."

ती गॅरेजबाहेर उभ्या असलेल्या बाबांच्या गाडीत जाऊन बसली. बोट साबणात बुडवून तिने काचेवर काहीतरी लिहिलं आणि वाळू दिलं. काच कोरी दिसत होती. मग तिने वाफ सोडली. अक्षरं उमटली: गोळी घे.

उघड्या दारातून ती वाचून गॅरेजचा मेकॅनिक, दगडासारखा माणूस, तोंड फिरवून उभा राहिला.

बाबांना पळता आलं नाही. ड्रायव्हरांनी त्यांच्या गाडीपुढे टॅक्स्या आडव्या लावल्या आणि पोलिसांना बोलावलं. पिंपाभोवती थोडी झुंबड उडाली. जो तो आपापली डबी शोधत होता, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळेच शहाणे झाले असं मात्र नाही. एक म्हातारी ताईच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "मुली, हा खोटा असेल. पण माझ्या लेकाच्या गाडीवरचा खरा असेल ना गं?" ताईने तिच्या हातात फडका दिला. म्हातारीने तो घेतला नाही.

आता ताई गिऱ्हाइकाला खोदून विचारते. कशाला हवंय, कुठे लावणार, आतलं का नको. काही गिऱ्हाइकं चिडून निघून जातात. जाऊ देत. तिने साठ हात कापले होते. थांब्यावर शोधून सतरा पुसले. बाकीचे कुठे कुठे उमटत असतील आणि त्यांच्या भरवशावर कोणी कोणी गोळ्या सोडल्या असतील, या विचाराने चिमटा धरलेला तिचा हात मध्येच थांबतो.

तेव्हा एवढंच करा. एखाद्या थंड सकाळी तुमच्या काचेवर हात उमटला, तर हात जोडू नका. ओला फडका घ्या आणि काच आतून पुसा. देवाचा हात फडक्याने जायचा नाही. गेला, तर तो साबण होता. आणि त्याची करंगळी बघा. वरच्या पेरात वाकडी असेल, तर तो हात एका बहिणीचा आहे, आणि तिचं म्हणणं आहे, की गोळी घ्या.