सुरुवातीपुरती

मला पंधरा-सोळा गाण्यांची सुरुवात वाजवता येते. पूर्ण गाणं एकही येत नाही. यावरून घरात माझी यथेच्छ थट्टा होते. भाजी चिरता चिरता मी फोन घ्यायला उठले तरी नवरा म्हणतो, "झाली का सुरुवात? आण, पुढचं मी बघतो." म्हणू दे. जेवढं शिकायचं ठरलं होतं तेवढं मी शिकले, आणि कुणासाठी शिकले ते त्याला चांगलं ठाऊक आहे.

शिकले ते ताईंसाठी. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. त्या गाडी चालवायला शिकवतात. अर्ध्या गावाने ब्रेक कुठे आणि क्लच कुठे हे त्यांच्या ओरडण्यातून शिकून घेतलंय. नाकावर माशी बसू देत नाहीत. पण महिन्यातून एका रविवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, माझ्या नवऱ्याच्या बँडबरोबर त्या गायला उभ्या राहायच्या, तेव्हा त्यांच्याकडून शिव्या खाल्लेली माणसंही पहिल्या रांगेत येऊन बसायची. आवाज वर चढला की हॉलमधले पंखेसुद्धा हळू फिरताहेत असं वाटायचं.

मग गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाजाच्या नसेला धक्का लागला होता. सर्जन म्हणाले, बोलणं परत येईल, गाण्याचं सांगता येत नाही. बोलणं आलं, थोडं घोगरं. वर्ष उलटलं तरी गाण्याचं मात्र कुणी नाव काढेना. ताईंसमोर काढायची छाती कुणाची होती?

त्याच वर्षात दातवाल्या डॉक्टरांची बोटंही आखडली. हे आमच्या बँडचे स्टील गिटारवाले. आयुष्यभर लोकांचे दात काढले आणि सुट्टीच्या दिवशी पेडल स्टील गिटार वाजवली. ते वाद्य मांडीवर घ्यायचं नसतं. चार पायांच्या अरुंद टेबलासारखं ते समोर उभं असतं, वर दहा तारा. डाव्या हातात स्टीलची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवर सरकवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. खाली पेडल्स, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना खटके, आणि उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारं वेगळं पेडल. ताईंच्या प्रत्येक गाण्याची सुरुवात, म्हणजे इंट्रो, हे वाद्य एकटंच करायचं. गिटारवर माझा नवरा आणि बाकीचे वादक ताईंबरोबर सुरू व्हायचे. पुढे गाण्यात स्टील नसली तरी चालून जायचं, पण सुरुवात तिच्याशिवाय होत नसे. ताई सूर पकडायच्या तो तिच्याकडूनच.

"मी परत गाणार आहे," असं ताईंनी एक दिवस चहा पिता पिता जाहीर केलं. "पुढच्या हंगामात, पहिल्या कार्यक्रमाला. इंट्रो कोण वाजवणार ते तुम्ही बघा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी दातवाल्यांकडे, आणि दातवाल्यांनी आपल्या बोटांकडे.

मी पडदे शिवते. बाजारामागच्या गाळ्यात माझं कारखान्यातलं मोठं मशीन आहे. दातवाले दोन दिवसांनी तिथे आले ते कापड वगैरे काही न आणता. स्टुलावर बसून माझे पाय बघत राहिले. मला राग आला. मी म्हटलं, "काय हवंय डॉक्टर?"

"तुमचा उजवा पाय वेग सांभाळतो. उजव्या गुडघ्याने तो खटका ढकलला की सुईपाशी कापड मोकळं होतं. दोन्ही हात कापडावर, आणि डोळे तिसरीकडेच," ते म्हणाले. "माझाही जन्म ड्रिलच्या पेडलवर पाय ठेवून गेला. संध्याकाळी घरी या."

"मला सरगमसुद्धा येत नाही."

"मी कुठे मैफल करायला सांगतोय? सुरुवातीपुरतं शिका. पुढचं गाणाऱ्याचं."

पाय-गुडघे लवकर बसले, हे कबूल. छळलं ते कांडीने. गिटारवर जशा पट्ट्या असतात तशा इथे नुसत्या रेघा आखलेल्या असतात. एकेका रेघेला दातवाले घर म्हणायचे. कांडी रेघेच्या बरोबर वर हवी. केसभर इकडेतिकडे झाली की वाद्य रडकं मूल होतं. पहिले काही आठवडे दातवाले डोळे मिटून ऐकायचे आणि गालावर हात ठेवायचे. त्यांच्या पेशंटचा अभिनय करायचे, दुसरं काय.

"तुम्ही माझा सूड घेताय," ते म्हणायचे. "तुमची अक्कलदाढ मीच काढली होती ना?"

शिकवायचे मात्र मन लावून. इंट्रो म्हणजे स्वतःची हौस फेडायची जागा नाही, हे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून बजावलं. गायकाच्या हातात सूर द्यायचा, त्याने तो घेतला की आपण गप्प. शेवटची तार छेडली की तिचा आवाज आपोआप मरत जातो. तो मरू लागला की उजव्या पायाने पेडल हळूहळू दाबत न्यायचं, म्हणजे सूर तेवढाच तेवत राहतो. गायकाला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

"आणि तरीही गायक आला नाही तर?" मी एकदा विचारलं.

"परत पहिल्यापासून. चेहरा असा ठेवायचा की असंच ठरलं होतं."

मी शिकत गेले. दुपारी गाळ्यात पडद्यांच्या कडा मारताना नदीचं गाणं डोक्यात चालू असायचं. ते ताईंचं सगळ्यात गाजलेलं गाणं, कार्यक्रमाची सुरुवात त्यानेच व्हायची. त्याचा इंट्रो आठव्या घरात सुरू होतो, कांडी लांब सरकवत वर जातो आणि ताईंच्या पहिल्या सुरावर येऊन थांबतो. तो मला पहिल्यांदा नीट आला त्या संध्याकाळी दातवाल्यांनी उठून खिडकी लावून घेतली, बाहेर स्कूटरचा आवाज होता म्हणून, आणि म्हणाले, "परत." मला इतका आनंद झाला की मी तो नऊ-दहा वेळा वाजवला.

तालमी सुरू झाल्या. ताई यायच्या, मी सुरुवात केली की ओठांनी नुसते शब्द म्हणायच्या. आवाज काढायच्या नाहीत. "जपतेय," म्हणायच्या. नवऱ्याने धीर करून विचारलं, "ताई, पट्टी थोडी खाली घ्यायची का? या वाद्यावर सोपं असतं. कांडी दोन घरं अलीकडे घेतली की झालं."

ताईंनी पर्स उचलली. "माझी गाणी लोकांनी वीस वर्षं ज्या पट्टीत ऐकली त्याच पट्टीत ऐकतील. माझी दया येत असेल तर दुसरी गायिका बघा." मग दारातून वळून म्हणाल्या, "आणि माझ्या परस्पर पट्टी उतरवलीत, तर मी स्टेजवरून उतरेन. पुन्हा चढणार नाही."

त्या बोलतात तसं करतात. एकदा एका विद्यार्थ्याने आरशात न बघता गाडी वळवली, तर त्याला तिथेच उतरवून निघून आल्या होत्या. त्यामुळे आम्ही सगळे मूग गिळून बसलो.

पण मला एक गोष्ट कळली होती ती बाकीच्यांना माहीत नव्हती. एका दुपारी मी पडद्यांचं माप घ्यायला निघाले होते. मैदानाच्या कडेला ताईंची शिकवणीची गाडी उभी होती. काचा बंद, आत त्या एकट्याच. मी हाक मारायला जवळ गेले आणि थांबले. त्या नदीचं गाणं म्हणत होत्या. पहिल्या दोन ओळी आल्या, जाडसर, पण आल्या. तिसरी ओळ जिथे वर चढते तिथे आवाज फाटला. त्यांनी परत सुरू केलं. तिथेच फाटला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा, तेच. मी माप न घेताच परत आले.

त्या संध्याकाळी दातवाल्यांकडे गेल्यावर मी तोच इंट्रो सहाव्या घरापासून वाजवला. दातवाल्यांनी मान वर केली, पण कारण विचारलं नाही. रोज जाताना मी तो एकदा तसाही वाजवू लागले. कार्यक्रमात तसा वाजवेन असं काही मनात नव्हतं. हाताला माहीत असू दे, एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. ताई गायला उभ्या राहणार म्हटल्यावर लोक जिन्यातही उभे होते. दातवाले दुसऱ्या रांगेत बसले होते, हात खिशात घालून. ताई निळ्या कपड्यांत आल्या, माईकची उंची स्वतः नीट केली, नवऱ्याकडे आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मी उसनं अवसान आणून कांडी आठव्या घरावर ठेवली.

इंट्रो चांगला झाला. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण तो खरंच चांगला झाला. शेवटच्या सुरावर आले, पेडल दाबत नेलं, सूर धरून ठेवला. ताईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं. आणि मिटलं.

तार विझत आली. मी चेहरा ठरल्यासारखा ठेवला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. कुणाला काही वाटलं नसावं. ताई माईक धरून उभ्या होत्या, त्यांची बोटं पांढरी पडलेली मला मागून दिसत होती. पुन्हा तो सूर आला. पुन्हा त्या गप्प. या वेळी कुणीतरी खोकलं, नवऱ्याने माझ्याकडे भुवया उंचावून पाहिलं. माझा पाय पेडलवर जवळजवळ तळाला टेकला होता. त्यापुढे वाढवायला आवाज उरत नाही.

तिसऱ्यांदा आठव्या घरातून वाजवलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. त्या गाडीत जे ऐकलं ते या भरल्या हॉलमध्ये झालं असतं. नाहीतर त्या गायल्याच नसत्या. आणि पट्टी उतरवली तर त्या स्टेजवरून उतरणार होत्या, सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. मला त्यांची भीती वाटत होती. पण त्याहून जास्त मला त्यांनी गायला हवं होतं, इतकं की पुढे आयुष्यभर त्या माझ्याशी बोलल्या नसत्या तरी चाललं असतं.

मी कांडी सहाव्या घरावर आणली.

पहिलीच तार वाजली आणि ताईंची मान वळली. आरशात न बघणाऱ्या त्या विद्यार्थ्याकडे त्यांनी असंच पाहिलं असणार. नवऱ्याच्या हातातली गिटार तशीच राहिली. मी वाजवत राहिले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ताईंनी माईकवरचा एक हात काढला. आता जातात, मला वाटलं. तो हात त्यांनी शरीरालगत मागे नेला, लोकांना दिसणार नाही असा, तळवा जमिनीकडे केला आणि दोनदा हलकेच खाली दाबला.

आणखी खाली.

पाचव्या घरातून मी हा इंट्रो कधी वाजवला नव्हता. कांडी एक घर अलीकडे घेतली. नवऱ्यानेही गिटारवर तेवढंच खाली घेतलं, हे मला नंतर कळलं, तेव्हा मी फक्त त्या रेघेकडे बघत होते. कांडी लांब सरकवत वर गेले, शेवटच्या सुरावर थांबले आणि पेडल दाबायला लागले. ते अर्ध्यावर जायच्या आत ताई गायला लागल्या.

तो जुना आवाज नव्हता. कुणी तसं म्हणत असेल तर खोटं बोलतो. हा जाड होता, कडेला थोडा खरखरीत, रोजच्या बोलण्याच्या जवळचा. तिसरी ओळ आली, वर चढली, आणि फाटली नाही. माझं काम कधीच संपलं होतं. मी हात तारांवरून काढून मांडीवर ठेवले आणि रडले. बोटांत नख्या असल्यामुळे डोळे मनगटाने पुसावे लागले. पंखे पूर्वीसारखेच फिरत होते. लोक मात्र खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते, पूर्वी कधी असे पुढे सरकलेले मी पाहिले नव्हते.

टाळ्या चालू असताना ताई पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आल्या. मी उभी राहिले.

"मला हात मागे करून सांगायला लावलंस," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

"चुकलं, ताई."

"पुढच्या गाण्याला आधीच तीन घरं खाली ये," त्या म्हणाल्या. "मला मागायला लावू नकोस."

पुढच्या गाण्याचा इंट्रो मी तीन घरं खालून सुरू केला. त्या पहिल्याच फेरीत गायल्या.