आप्पा घरी आहेत

त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सोफे भिंतीला सरकवले होते, जमिनीवर चादरी अंथरल्या होत्या, आणि बिल्डिंगमधली अर्धी माणसं मोबाइलवर वायफायचं पान उघडून बसली होती. समोर खुर्चीत लहरीमहाराज. त्यांच्या शेजारी झोळी मांडीवर घेतलेला आमचा वायफायवाला. त्यानेच महाराजांना आमच्या घरी आणलं होतं.

"नव्या लहरी बंद करा," महाराज म्हणाले. "त्या गोंगाटात आत्म्याला वाट सापडत नाही."

माझ्या नवऱ्याने टीव्हीखालचं कपाट उघडून आतल्या राउटरचं बटण बंद केलं. महाराज काहीतरी पुटपुटले. थोड्या वेळाने सासूबाईंनी हातातला फोन सगळ्यांसमोर धरला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव आलं होतं, 'आप्पा घरी आहेत', आणि त्याखाली 'जोडले गेले'. मग नवऱ्याच्या फोनवर तेच. मग वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या. मग माझ्या.

आप्पा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन चार महिने झाले होते.

मागून कोणीतरी म्हणालं, "महाराज, पण इंटरनेट चालत नाहीये."

"तिकडे कसलं इंटरनेट, बाळा? तिथे फॉरवर्ड नाही, रिचार्ज नाही. तिथून फक्त बोलावणं येतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दातांची डॉक्टर आहे. दिवसातून दोनदा ब्रश करतो म्हणून शपथेवर सांगणारी माणसं रोज माझ्या खुर्चीत तोंड उघडतात, त्यामुळे माझा सहसा कशावर विश्वास बसत नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी मीही फोन पालथा घातला. कारण आप्पांनी बोलवावं आणि जाब विचारावा असं माझ्याकडून घडलं होतं.

आप्पांनी जन्मभर टाइपरायटर दुरुस्त केले. म्हातारपणी भिंग लावून माहितीपत्रक वाचलं आणि घरातला पहिला राउटर स्वतः बसवला. त्याचं नावही त्यांनीच ठेवलं. जिन्यात पाऊल टाकलं की फोनवर 'आप्पा घरी आहेत' दिसायचं. पासवर्ड त्यांनी मागेल त्याला दिला होता. पुढे तो राउटर धीमा पडला आणि आम्ही नवीन घ्यायला निघालो. आप्पा म्हणाले, "आधी घर बघा, मग डबा बघा. भिंती किती, खोल्या कुठे, ते बघा." आम्ही अँटेना मोजल्या. सहा शिंगांचा एक काळा राक्षस आणला. वायफायवाल्याने तो जोडून दिला आणि जुना "तुम्हाला काय उपयोग" म्हणून घेऊन गेला.

नवा राउटर कपाटात ठेवायचा हट्ट माझा होता. वायरींचं जंजाळ मला डोळ्यांसमोर नको होतं. कपाटाचं दार, मग स्वयंपाकघराची भिंत, फ्रिज, बाथरूम, आणि त्यापलीकडे आप्पांची खोली. तिथे काहीच पोचेना. "सूनबाई, उंचावर ठेव, घराच्या मध्यावर ठेव," ते सांगत राहिले. मी म्हणायची, "बघते आप्पा." नवरा म्हणायचा, "रविवारी बघतो." मग ते पॅसेजमध्ये स्टुलावर बसून परदेशातल्या लेकीशी, म्हणजे माझ्या नणंदेशी, बोलायचे. शेवटच्या संध्याकाळी त्यांना बरं वाटत नव्हतं म्हणून ते खोलीतच पडून राहिले. नणंदेचा फोन लागतच नव्हता. सकाळी ते उठले नाहीत.

नणंद त्याबद्दल आम्हाला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर त्या बैठकीत सगळ्यांच्या फोनवर आप्पा आले. एकट्या माझ्या लेकीच्या फोनवर आले नाहीत. चौदा वर्षांची पोर. आप्पा तिला 'साहेब' म्हणायचे, रोज सकाळी सलाम ठोकायचे. तिने मान वर करून विचारलं, "आप्पा मला का नाही बोलवत?"

महाराजांनी डोळे उघडले. "मुली, आजोबांना कधी तोडून बोललीस?"

आता असं न बोललेलं नातवंड मला दाखवा. लेक रडायला लागली. "ते म्हणाले होते, साहेब, जरा रेंज बघा ना. मी म्हणाले, आत्ता नको, आप्पा."

"रोष आहे," महाराज हळहळले. "हिला आश्रमात पाठवा. महिनाभर सेवा करेल, शुद्ध होईल. पुढच्या बैठकीनंतर आमच्या गाडीतूनच घेऊन जातो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याची मान खाली. लोक गेल्यावर मी त्याला विचारलं, "पोरीला त्या माणसाच्या गाडीत बसवणार आहेस तू?"

"आपण त्यांचं एकदाही ऐकलं नाही," तो म्हणाला. "आता तरी ऐकू या."

"आप्पांचं की त्याचं?"

तो चादरी गोळा करायला लागला. लेक मात्र आतून म्हणाली, "मी जाते, आई. माझंच चुकलंय."

दुसऱ्या दिवशी एका पेशंटची दाढ काढताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आप्पांचा रोष असेल, तर तो माझ्यावर हवा. कपाटात राउटर मी कोंडला. मग माझ्या फोनवर आप्पा तत्परतेने आले आणि पोरीच्या फोनवर नाही, हा कुठला न्याय? म्हणजे फरक पापात नव्हता. फरक फोनमध्ये होता. लेकीला तिचा पहिला फोन आम्ही आप्पा गेल्यावर घेतला होता.

घरी जाताना मी तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूचं दार वाजवलं. तोही बैठकीला होता. "तुमच्या फोनवर काही आलं का हो?"

तो ओशाळला. "नाही. मी आपला सगळ्यांबरोबर मान हलवली."

तो आप्पांनंतर राहायला आलेला. त्याला पासवर्ड द्यायला आप्पा होते कुठे?

पुढच्या बैठकीला गर्दी दुप्पट होती. खाली गाडी उभी होती. लेकीची बॅग दाराशी होती. कपाटातला राउटर बंद झाला, फोनांवर आप्पा आले, लोकांनी डोळे पुसले. मी उठले.

"महाराज, पोर जायच्या आधी एकदा प्रयत्न करू दे. साहेब, यादीत आप्पांचं नाव दिसतंय का?"

"दिसतंय."

"त्यावर बोट ठेव. काय म्हणतंय?"

लेक गोंधळली. "पासवर्ड मागतंय."

मी महाराजांना विचारलं, "आत्म्याला पासवर्ड कशाला लागतो?"

"श्रद्धेची कसोटी असते, ताई."

"असेल. साहेब, लिही. 'साहेबांची परवानगी'. इंग्रजीत, सगळं जोडून."

हाच आप्पांचा पासवर्ड होता. लेकीने लिहिला, आणि तिच्या फोनवर आप्पा आले. ती हसली आणि त्याच दमात रडली. मग मी भाडेकरूला लिहायला सांगितला. ज्याने आप्पांना उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, त्याच्याही फोनवर आप्पा हजर.

"आता माझ्या फोनवरच्या रेघा बघा," मी म्हटलं आणि आप्पांच्या खोलीकडे चालत गेले. रेघा कमी झाल्या. परत येऊन झोळीजवळ उभी राहिले. रेघा भरल्या. वायफायवाला झोळी सावरत उठला. शिंपीणबाईंनी झोळीचा पट्टा घट्ट धरला. "बस ना रे, चहा टाकलाय."

झोळी नवऱ्याने उघडली. आत आप्पांचा पांढरा राउटर होता आणि त्याला जोडलेली छोटी बॅटरी. दिवे लुकलुकत होते.

यात जादू काहीच नव्हती. राउटर बंद करून उचलून नेला तरी नाव आणि पासवर्ड त्याच्या पोटात तसेच राहतात. आपले फोनही एकदा जोडलेलं नाव विसरत नाहीत. घरचं वायफाय बंद झालं की ते जवळपास ओळखीचं नाव शोधतात आणि न विचारता जाऊन चिकटतात. 'नव्या लहरी बंद करा' यामागचं अध्यात्म एवढंच.

महाराज "तुम्हाला फळं भोगावी लागतील" वगैरे म्हणत जिना उतरले. दोघांविरुद्ध आम्ही पोलिसांत तक्रार दिली. लोक हळूहळू पांगले. नवरा अजून राउटर हातात धरून बसला होता. त्याने तो उलटा केला. तळाला कागदाची पट्टी चिकटवलेली होती, आप्पांनी टाइपरायटरवर टाइप केलेली: 'उंचावर ठेवावे. उघड्यावर ठेवावे. कपाटात कोंडू नये.'

नवरा ढसाढसा रडला. मीही रडले. महाराजांनी आम्हाला निदान प्रायश्चित्त तरी देऊ केलं होतं. या पट्टीकडे तेही नव्हतं. आप्पा रागावलेले नव्हते, कारण रागवायला ते उरलेच नव्हते. आमची चूक मात्र उरली होती, आणि ती पोरीला आश्रमात धाडून फिटणार नव्हती.

तेव्हा वाचणाऱ्यांना हात जोडून एकच सांगते. मेलेलं माणूस तुमच्यावर रागावलंय असं कोणी सांगायला आलं, तर तुमची दुखरी जागा त्याला सापडली आहे एवढं ओळखा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा, रडा, जिवंत माणसांची माफी मागा. पण त्याची झोळी उघडून बघितल्याशिवाय त्याच्या हातात काही देऊ नका, आणि पोर तर नाहीच.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने स्टूल घेतलं, आप्पा बसायचे तेच, आणि नवा राउटर पॅसेजमध्ये फळीवर उंच ठेवला. वायरी लोंबत होत्या, अजूनही लोंबतात. सासूबाईंनी आप्पांच्या खोलीतून नणंदेला फोन लावला. चेहरा लख्ख दिसला. मी फोन मागून घेतला आणि राउटर कपाटात मीच कोंडला होता, हे चार महिने न बोललेलं तिला सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, मी रोज त्याच वेळेला फोन हातात घेऊन बसते."

लेक नव्या राउटरचं सेटिंग उघडून बसली होती. "नाव काय ठेवू? आप्पा घरी आहेत, असंच?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. "ते घरी नाहीत. खोटं कशाला लिहायचं?" मग म्हणाल्या, "पासवर्ड तेवढा तोच ठेव."