पहिलं बाळंतपन माहेरचं

ऐक वं संस्कृती, मंधात बोलू नको, फक्त ऐक. आई ओट्यावर सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून राह्यली होती, मी तिले सुतळी तोडून देत होती, अन् उज्ज्वला वयनी वल्ल्या हातात मोबाइल धरून घरातून पळतच बाहेर आली. मोबाइल माह्यासमोर धरला. फोटो होता. उलिशी पोट्टी, सावळी, जावळ उभं, अन् एका पायातला मोजा सोताच काढून हातात घट्ट धरेल.

तीन वरसं झाले होते वयनीनं अन् आमच्या दिनेशदादानं दत्तकसाठी नाव टाकून. आपल्या राज्यात नंबर लागूनच नाई राह्यला म्हनून त्याईनं कोन्तंबी राज्य चालते असं लिहून देल्लं होतं. पोट्टी निघाली ओडिशाची, झारसुगुड्याकडची. दोन दिवसात हो म्हनाचं, नाई तं फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर जाते.

दादा मळ्यातून आला. त्यानं मोबाइल घ्याच्या पहिले हात धुतले, पुसले, अन् मंग घेतला. लय वेळ पाह्यत राह्यला. मोज्यावर बोट ठेवून म्हने, हिले आत्ताच गरमी होते वाटते, आपल्या मळ्यात कशी राहीन. वयनी हसली. तीन वरसात मी तिले तशी हसताना पाह्यली नोती.

आता खर्चाचं ऐक, कारन सगळं तिथंच हाय.

वयनीचा हिशोब तयारच होता. निंदन करता करता ती पाठ म्हनल्यासारखा म्हनाची. संस्थेत भराची रक्कम, अकोल्यावरून दोघाईचं रेल्वेचं तिकीट, येताना लेकराचं सामान राह्यते म्हनून चांगल्या डब्यातलं, तिथं चार दिवस राहाची खोली, कागदाईचा खर्च, दुधाचा डब्बा, बाटली, अन् एक स्वेटर, कारन गाडीत हवा लागते. सगळं मिळून पंच्याऐंशी हजाराच्या आसपास जाये. अन् तेवढे पैशे होते, संस्कृती. घरातच होते. विहिरीपाशी जे सांबाराचे अन् मेथीचे वाफे हायेत ना, ते वयनीचे. तिनंच टाकेल, तिनंच निंदेल. शिरपूरच्या बाजारात जुड्या विकून जे ये ते आईपाशी जमा होये. आईच्या कोठीत बिस्कुटाचा एक डब्बा हाय, त्याले आमच्या घरी नावच पडलं होतं, लेकराचा डब्बा. घर पाहाले वाशिमवरून मॅडम आल्या तवा आईनं सोता तो डब्बा उघडून त्याईले देखोवला होता. आमची सगळी तयारी हाय म्हने मॅडम, तुमी फक्त लेकरू द्या. मॅडम खुश होऊन गेल्या.

तं त्या दिवशी वयनी म्हनली,

"आई, डब्बा काढता?"

आईनं हातातली जुडी बांधली. गाठ मारली. दुसरी घेतली. अन् एकदम शांतपनानं म्हने,

"पहिलं बाळंतपन माहेरचं असते, उज्ज्वला."

मी हसली वं. मले वाटलं मजाक हाय. पन माही आई मजाक करत नाई, तुले माईत हाय. तिनं मंग नीट समजावून सांगतलं, जसं लेकराले पाढे सांगतेत. पोटचं असतं तं तू माहेरी गेली असती का नाई? दवाखाना, लाडू, पाळना, लेकराचे कपडे, सगळं तुह्या बापानं केलं असतं का नाई? हे बी पहिलंच हाय. दवाखान्याच्या जागी संस्था, एवढाच काय तो फरक. अन् डब्यातले पैशे काई पळून नाई चालले, लेकरू घरी आल्यावर रोजचं दूध हाय, दवापानी हाय, तवा कामी येतीन.

वयनीनं दादाकडे पाह्यलं. दादा काडी घेऊन चपलेचा चिखल काढून राह्यला होता. लय चिखल असन, कारन तो काई सरलाच नाई.

बरं, भांडन करावं तं दोनच दिवस हातात. भांडनात गेले तं पोट्टी गेली. वयनी घरात गेली. घडीभरानं तिचा माहेरी, केनवडले, फोन लावल्याचा आवाज आला. बोलून राह्यली होती, पन इतकी हळू का मले फक्त "बाबा, बाबा" एवढंच समजलं.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. इंद्रभानकाका. पहिल्या एस्टीनं. हातात वांग्याची थैली, कारन तो मानूस रिकाम्या हातानं कधी आलाच नाई आमच्या घरी. काकाचं म्हनशीन तं केनवडले दोन एकर बागाईत, वांगे, टमाटे, अन् थोडीशी हळद. आईनं त्याईले खुर्ची देल्ली, चहा देल्ला, अन् कालचंच सगळं पुन्हा सांगतलं, पन असं सांगतलं जसा काई त्याईचाच मान करून राह्यली. तुमच्या हक्काचं हाय म्हने, आमी कायले हिसकून घेऊ.

काकाच्या चहावर साय आली. त्याईनं ती बोटानं बाजूले केली. मंग इचारलं,

"तुमी याले बाळंतपनच म्हनता ना, इहिनबाई?"

"मंग दुसरं काय म्हनू?"

"चार लोकाईसमोर बी असंच म्हनसान?"

"म्हनीन ना. कायले नाई म्हनू?"

काकानं खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी घातली, पुन्हा खांद्यावर ठेवला.

"मंग ठीक हाय," म्हने. "माहेरचंच असते."

बस. घासाघीस नाई, काई नाई. भाव चढन म्हनून हळद घरातच ठेवेल होती त्याईनं. ते रिसोडले नेऊन त्याच दिवशी इकली. भाव काय भेटला ते त्याईनं कोनालेच सांगतलं नाई. पन दादा बाजारात जाते ना, त्याले समजलं. सांगताना तो मले म्हने, तनू, आनखी महिनाभर थांबले असते तं काकाले लय जास्त भेटलं असतं. मी म्हनली, दादा, हे तू त्या दिवशी ओट्यावर कायले नाई बोलला? तं तो बकेट घेऊन विहिरीकडे गेला.

पुढं आईले वाटलं नोतं असं झालं. पोट्टी घेऊन ते आले, अन् अकोल्यावर उतरून दादा एकटाच घरी आला. वयनी अन् लेकरू सरळ केनवडले. आई म्हने हे काय? तं काकानं निरोप पाठोवला होता, बाळंतपन हाय ना, मंग सवा महिना आमच्याकडेच राहीन. आईचाच शब्द होता.

मी गेली होती केनवडले, आइतवारी. अन् काय पाह्यलं सांगू? वयनी पाटावर बसेल, डोक्याले रुमाल, कान बांधेल, अन् तिची माय, तुळसाबाई, तिच्या पाठीले तेल लावून राह्यली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा. ताटलीत डिंकाचे लाडू. खरीखुरी बाळंतीन वं. वयनी लाजून राह्यली होती. माय, मी कुठी बाळंत झाली, म्हने, कायले मले हे करतं. तुळसाबाईचा हात थांबला नाई.

"चुप बस," म्हनली. "कोनी रातभर कळा देते. तुनं तीन वरसं देल्ल्या."

अन् वयनी रडाले लागली. आवाज नाई, काई नाई, नुसती पाठ हलून राह्यली, अन् तुळसाबाई त्या हलत्या पाठीवर तेल लावून राह्यली. बाहेर काका दुपट्ट्याचा झोका करून पोट्टीले झुलवत होते. ओडिशाच्या संस्थेतल्या बाया तिले 'कुनी' म्हनत म्हने, त्याईच्या बोलीत लहानगी, म्हनून तेबी 'कुनी, कुनी' करत होते. तिले घर परकं नको वाटाले.

घरी येऊन मी आईले सगळं सांगतलं. ती म्हने, लाडू पाठोवले का आपल्याले?

मंग बारसं. ते आमच्या घरी, शिरपूरले. माहेरचा पाळना आला टेम्पोत, कपडे आले, आईले लुगडं, दादाले पँटपीस, मले बी ड्रेस. तुले तं माईतच हाय, माहं लगन जुळलं आसेगावचं, अन् आईनं पोराकडच्याईले बी बारशाचं आवतन देल्लं होतं. सकाळी तिनं मले स्वयंपाकघरात बोलावलं, मान वाकव म्हने, अन् माह्या गळ्यात गोफ घातला. सोन्याचा. नवा. हलकाच होता, पन सोन्याचा.

वयनी चुलीपाशीच होती. घुगऱ्या शिजवून राह्यली होती.

मी इचारलं, कुठून आनला. आईनं काईच लपोवलं नाई वं, तेच तं मले समजून नाई राह्यलं अजून. ती म्हने,

"डब्यातले होते ना. खर्च तं इंद्रभानजीनं केला, ते उरले. उरले ते तुले केले. आत्याचा मान बी झाला, अन् लग्नातला एक दागिना बी झाला."

वयनीनं घुगऱ्यात मीठ टाकलं. ढवळलं. पुन्हा मीठ टाकलं. मंग पुन्हा टाकलं. त्या दिवशी घुगऱ्या इतक्या खारट झाल्या का लोकाईनं द्रोन तसेच ठेवले.

मी गोफ काढाले मानेमांघच्या फाश्याले हात लावला, खरंच लावला. आईनं हातावर चापट मारली, लोकं येऊन राह्यले म्हने, नाटकं नको करू. अन् तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

पोराची आई, माही होनारी सासू, आल्याबरोबर पाळन्यापाशी गेली. पाह्यलं, गालाले बोट लावलं अन् सहज म्हने, कोनावर गेली वं पोट्टी? काका तिथंच होते, पाळन्याच्या दोरीची गाठ मारत. मी आईकडे पाह्यलं. काका बी आईकडे पाहून राह्यले होते.

"कोनावर जाईन," आई म्हनली, "आनेल हाय ते. ओडिशाहून. पन आमाले एक रुपया लागला नाई, सगळं तिच्या माहेरच्याईनं केलं."

अन् हे ती कवतिकानं सांगून राह्यली होती. काकानं मारेल गाठ सोडली. पुन्हा मारली. मंग बाहेर जाऊन मांडवात बसले, लोकाईकडे पाठ करून.

मले वाटलं वयनी आता तरी काई बोलन. पन तिनं मले नाव सांगतलं फक्त. हळूच जवळ आली, म्हने, पालवी ठेवाचं तनू, तुहाच मान हाय, नीट कानात सांगजो, तिले डाव्या कानानं लवकर समजते.

बाया जमल्या. कोनी गोविंद घ्या, कोनी गोपाळ घ्या झालं. मी वाकली, हाताचा आडोसा केला, डाव्या कानात पालवी म्हनली. बायाईनं कुर्र केलं अन् माह्या पाठीत धपाटे बसाले लागले, रीतच हाय ना ते, आत्याले माराची. जोरजोरानं मारून राह्यल्या, हसून राह्यल्या. अन् मी उठाले गेली तं मले उठताच येईना. गळ्यातला गोफ खाली लोंबला होता अन् पोट्टीनं तो पकडला होता. मुठीत. फोटोत मोजा पकडला होता ना, अगदी तसाच घट्ट.

बाया अजूनच हसल्या. आत्याचं सोनं पाह्यजे वाटते पोरीले. पोराची आई बी हसली. माही मान तशीच पाळन्यात, पाठीवर धपाटे, अन् पोट्टी माह्या डोळ्यात पाहून राह्यली.

वयनी आली. माह्याकडे पाह्यलंच नाई तिनं. पोट्टीची मूठ आपल्या हातात घेतली अन् एक एक बोट उघडाले लागली. घाई नाई, राग नाई, जशी ती सांबाराची मुळी मोडू नये म्हनून माती सोडवते, तशी.

"सोड माय," म्हनली. "ते आत्याचं हाय. आपलं नोये."

पोट्टीनं सोडलं. रडली बी नाई. हात तसाच उघडा ठेवून पाहत राह्यली. माहा हात फाश्यावर गेला होता, संस्कृती. समोर पोराची आई, बाजूले माही आई, दारातून दिसते ती काकाची पाठ, अन् मांघून धपाटे चालूच.

मघापासून तुले बोलाचं होतं ना मंधात. आता बोल. माह्या जागी तू असती, तं काय केलं असतं तुनं?