येसूची वाट

कडावचा कोंडाजी शुद्धीत असला की देवमाणूस, असं गाव म्हणायचं. पण तो शुद्धीत क्वचितच असायचा. एका शिमग्याला दारूच्या भरात त्यानं बायकोचा, येसूचा, हात पिरगाळून मोडला. हाड बसवणाऱ्याला ती म्हणाली, "उंबऱ्यात पडले." हात बरा झाला आणि ती लोधिवलीला भावाकडे निघून गेली. कोंडाजीनं तिला शिव्या घातल्या आणि पुन्हा प्यायला बसला.

पुढं पेंढ्याची बैलगाडी उलटून त्याचा पाय चिरडला. भावांनी त्याला मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथल्या नर्स विमलबाई त्याची जखम धुवायच्या. तो खेकसायचा, भांडं भिरकावायचा. त्या भांडं उचलून ठेवायच्या आणि खाटेशी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायच्या.

"कुनाशी बोलता वो?"

"येशूशी. तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंत?"

"या माणसाला रडू येऊ दे, म्हटलं."

कोंडाजी मोठ्यानं हसला.

मग एका सकाळी दारात एक बाई आली. तिचा हात लुळा लोंबत होता, नवरा शेजारीच उभा होता. विमलबाईंनी विचारलं, तर खाली बघून म्हणाली, "पडले."

कोंडाजीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारी विमलबाई पट्टी बदलायला आल्या तेव्हा त्याची उशी ओली होती.

"माज्या बायकोचा हात मीच मोडला," तो म्हणाला. "तुमचा येशू असल्या मानसाला घरात घेतो काय?"

"असल्यांनाच घेतो. पण घेतल्यावर तसंच राहू देत नाही."

तो लंगडत घरी आला तो दारू सोडून. वर्षभरानं त्यानं बाप्तिस्मा घेतला. भावांनी त्याची चूल वेगळी केली. पारावर पोरं म्हणायची, "येसू गेली नि येशू आला!" कोंडाजीलाही हसू यायचं; पण संध्याकाळी दिवा लावताना तीच दोन नावं तो हळूच घ्यायचा.

तो लोधिवलीला गेला. येसू अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी बदललो गं, येसू."

"देव बदललात," ती म्हणाली. "हात तेच हायेत ना?"

त्यानं फडक्यात बांधलेले घरातले देवांचे टाक तिच्यापुढं ठेवले. "आईनं तुला दिल्याले. मिशनवाले नदीत सोड म्हनत व्हते, माज्यानं झालं नाय. तुजे देव तुज्यापाशी." येसूनं ते कपाळाला लावले आणि आत गेली. पाणी विचारलं नाही.

त्यानंतर लावणीला, कापणीला तो तिच्या भावाच्या, पोपटच्या, शेतात राबायला जायचा. बांधावरच भाकरी खायचा आणि परतायचा. येसू लांबून बघायची. तिनं बोलावलं नाही, त्यानंही हाक मारली नाही. घरी मात्र तो रोज तिच्यासाठी प्रार्थना करायचा. ती परत यावी एवढंच मागायला बसायचा आणि दरवेळी तोंडातून निघायचं, तिला सुखात ठेव.

बरीच वर्षं गेली. एका शिमग्याला गावात ढोल वाजत होते, घराघरांत बाटल्या फुटत होत्या, आणि तिन्हीसांजेला येसू दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले. तिनं आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग चुलीवरच्या करपलेल्या भाताचा.

"सरा," ती म्हणाली आणि चुलीपुढं बसली.

दोघं जेवायला बसली. त्यानं डोळे मिटून आभार मानले, तोवर ती घास हातात धरून थांबली होती.

"ऱ्हाशील?" त्यानं विचारलं.

"आज ऱ्हाते. उद्याचं उद्या."

कोंडाजीनं आपली घोंगडी ओटीवर अंथरली. मागं दार लागलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. आत ती भांडी घासत होती. मग उशाला हात घेऊन तो दाराकडे तोंड करून आडवा झाला.