तटबंदीच्या गावी दोन दिवस

प्रवासी कार्यालयाच्या तिसऱ्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे 'तीन नंबर' म्हणत. इतकी वर्षं म्हणत आले होते की आता तोही फोन उचलून स्वतःची ओळख तशीच देई. खिडकीवर पाटी होती: 'समुद्रकाठचे तटबंदीचे गाव, दोन दिवस, एक मुक्काम'. एकोणीस वर्षांत या खिडकीतून त्याने तीसेक हजार माणसं त्या गावाला धाडली होती. स्वतः एकदाही गेला नव्हता.

यामागे काही तत्त्व वगैरे नव्हतं. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली, तर ताप आला. तिसऱ्या वर्षापर्यंत गावाची माहिती इतकी तोंडपाठ झाली की जाऊन आल्यासारखंच वाटायला लागलं. लोक विचारत, बघण्यासारखं काय आहे हो तिथे? तो एका दमात सांगे: चार दरवाजे, नऊ बुरूज, तटावर चढायला एकशेबारा पायऱ्या, आणि वर गेलात की टोपी सांभाळा, वारा फार. टोपीचं त्याने पदरचं घातलं होतं. पुढे एका गृहस्थाची टोपी खरोखरच उडाली, तेव्हा त्याला आपण तिथे होतो याचा पुरावाच मिळाल्यासारखं झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण लग्न ठरायच्या आधी तो पहिल्यांदा सासरी गेला होता, तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं होतं, तुम्ही ज्या गावची तिकिटं विकता ते पाहिलंय का? आणि तो म्हणून गेला होता, "दहा वेळा तरी."

सासरे म्हणजे अप्पा. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेले. फर्निचरवाला टेबल चार फूट आहे म्हणाला तर अप्पा खिशातून टेप काढत आणि टेबल पावणेचार भरलं की मुकाट्याने टेप परत खिशात ठेवत. बोलत काही नसत. त्या न बोलण्याला सगळं घर टरकून असे. असा माणूस दहा वेळांवर काही बोलला नाही, यात तीन नंबरला त्या वेळी समाधान वाटलं होतं. सतरा वर्षं ते टिकलं.

यंदा अप्पांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. मुलीने विचारलं, तुम्हाला काय हवं? अप्पा म्हणाले, तटबंदीचं गाव बघायचंय, दोन दिवस, आणि गाइड नको. "जावईबापू आहेत की घरचे."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बेत आखायला बसले. अप्पांनी रेघा मारलेला कागद आणला होता. डावीकडे वेळ, मधे ठिकाण, उजवीकडे 'शेरा'. शनिवारी सकाळी किती वाजता पोचणार? नऊ. आत कुठून शिरायचं? तीन नंबरने जमिनीकडचा दरवाजा सांगितला. तिथून लॉज किती पावलं? तो म्हणाला, जवळच आहे. अप्पांनी शेऱ्यात 'जवळच' असं लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल केला. तट वरून किती रुंद आहे, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील का? चालतील. आणि तिसरा? तिसऱ्याने मागून यावं, असं तीन नंबर म्हणाला. बायको हसली. अप्पांनी तेही लिहून घेतलं.

मग संध्याकाळ आली. इथे तर त्याचा हातखंडाच होता. माहितीपत्रक त्याने स्वतः लिहिलेलं, पाच वेळा पुन्हा छापलेलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य त्याचं विशेष लाडकं. सायंकाळी सहा वाजता समुद्रदरवाजावर बसून समुद्रात बुडणारा सूर्य पाहणे हा आयुष्यभराचा ठेवा होय. हे त्याने म्हणून दाखवलं. अप्पांनी पिशवीतून गावाचा नकाशा काढला, टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर चारी कप ठेवले आणि समुद्रदरवाजावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

समुद्र नकाशाच्या उजव्या हाताला होता.

तीन नंबरने दिशादर्शक बाण पाहिला. बाण वर होता, जसा तो सगळ्या नकाशांत असतो. म्हणजे उजवीकडे पूर्व. म्हणजे गेली चौदा वर्षं तो लोकांना सूर्यास्त बघायला पूर्वेकडे तोंड करून बसवत होता. समुद्र म्हटला की सूर्यास्त हवाच, एवढ्याच हिशेबाने ते वाक्य पडलं होतं. साहेबांनी त्यावर सही केली होती, आणि साहेबांच्या साहेबांनी फक्त 'होय'च्या जागी 'आहे' करा असं सुचवून पुन्हा खोडलं होतं.

अप्पांनी नकाशाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'सायं. ६. समुद्रदरवाजा. सूर्यास्त.' शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला.

आता मोजणी खात्यातल्या माणसाला पूर्व-पश्चिम कळली नसेल, हे शक्य नव्हतं. आणि कळली असेल तर हा माणूस शनिवारी संध्याकाळी, साऱ्या लोकांदेखत, दगडावर शांतपणे बसून सूर्याची वाट बघणार होता. जावयाच्या शेजारी. मुलीच्या समोर. तीन नंबरला सूर्याचं काही नव्हतं. दहा वेळा गेलो म्हणणारा माणूस एकदाही गेला नव्हता, हे त्या दगडावर उघडं पडणार होतं.

सोमवारी त्याने रजेचा अर्ज अशा बेताने केला की तो नामंजूर व्हावा. गर्दीचा हंगाम, खिडकीवर दुसरं कुणी नाही, हे सगळं त्याने स्वतःच अर्जात लिहून दिलं. साहेबांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, तुमच्या रजा साचून साचून फाइल फुगलीय हो, या जाऊन. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी सुचवलं की पाय मुरगळून घ्या. तीन नंबर जिन्यापर्यंत जाऊन आला. जिना फारच खरा होता.

शेवटी त्याने तटाच्या आतल्या लॉजवर फोन लावला. एकोणीस वर्षं तो तिथल्या मालकीणबाईंशी खोल्यांपुरतं बोलत आला होता. खोल्यांचं झाल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, संध्याकाळी समुद्रदरवाजावर लोक वगैरे येतात का?

"तुमचेच येतात की," बाई म्हणाल्या. "हातात ते पत्रक घेऊन. बसतात समुद्राकडे बघत. आमच्याकडे सूर्य उगवतो, साहेब. मावळतो तो बसस्टँडच्या मागे."

"मग?"

"मग काय? सहाला बसतात, साडेसहाला अंधार पडतो. म्हणतात, आज ढग होते वाटतं. आणि उठतात."

त्याने भीतभीत विचारलं, कुणी तक्रार? बाईंना एकच आठवत होता, तो शाळामास्तर होता. बाकी लोक खूश असत. गेल्या वर्षी नगरपालिकेने तिथे बाक टाकले, 'सूर्यास्त स्थळ' अशी पाटी लावली, आणि बाईंच्या धाकट्या दिराचं चहाचं दुकान त्या बाकांवरच चालतं. पत्रक तेवढं बदलू नका, असं त्यांनी बजावलं.

तीन नंबरने फोन ठेवला तेव्हा त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला होता. हजारो लोकांचं त्याने वाटोळं केलं नव्हतं. उलट एक दुकान उभं केलं होतं. पण उरलेला अर्धा जीव अप्पांपाशी अडकलेला होता. अप्पा काही ढग होते म्हणून उठणारे नव्हेत.

बुधवारी सकाळी बायको बॅग काढून धूळ पुसत होती, तेव्हा त्याने तिला सांगून टाकलं. ती पुसता पुसता थांबली.

"म्हणजे दहा वेळा नाही?"

"एकदाही नाही."

"आणि मी शेजारणीला सांगितलंय, आमच्या ह्यांना तिथला दगड न् दगड ठाऊक आहे." मग ती बॅगेवर बसून बराच वेळ हसली. हसून झाल्यावर तिने विचारलं, रोज सकाळी ऑफिसला म्हणून निघता, तिथे तरी जाता ना? तो म्हणाला, जातो. "मग अप्पांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगायची. मला त्यांचं गप्प बसणं झेपत नाही."

गुरुवारी अकरा वाजता अप्पा तिकिटं काढायला आले. जावई खिडकीत असताना तिकिटं घरपोच आली असती, पण अप्पा रांगेत उभे राहिले, चौथे. तीन नंबर पुढच्या तिघांना चुकीचे सुटे पैसे देत राहिला आणि परत मागून घेत राहिला. मग जाळीपलीकडे अप्पांची टोपी आली आणि भरलेला अर्ज सरकला. नावं, वयं, तारीख, सगळं टपोऱ्या अक्षरात. त्याने अर्ज हातात घेतला आणि त्याला जाणवलं, शिक्का मारला की मग शनिवारच.

"अप्पा," तो म्हणाला, "मी तिथे कधीच गेलेलो नाही."

मागच्या लोकांची कुजबुज थांबली. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हापासून. वर्णन करताना समुद्रदरवाजातून चालत आत शिरलात. तो दरवाजा पाण्यात उघडतो, जावईबापू. तिथून होडी शिरते."

तीन नंबरने विचारलं, मग बोलला का नाहीत? अप्पा म्हणाले, बोलणारच होतो. "पण तुमचे कान लाल झाले होते. मुलीची आई म्हणाली, याला खोटं बोलणं जमत नाही, मुलगी द्यायला हरकत नाही."

तीन नंबरने कान चाचपले. ते आत्ताही गरम होते. मग त्याला दुसरंच काही सुचलं. होडीचं अप्पांना कसं ठाऊक?

अप्पांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं आणि जाळीच्या इतकं जवळ आले की टोपी वर सरकली. आवाज खाली आणला, पण मोजणी खात्यातला आवाज तो, मोकळ्या माळावर हाका मारून कमावलेला. चार नंबरच्या बाईंनाही नीट ऐकू गेला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तो तट त्यांनीच मोजला होता, चार महिने राहून. शेवटच्या दिवशी उत्तरेकडचा दोन बुरुजांमधला एक तुकडा राहिला होता आणि घरी जायची बस चार वाजता होती. अप्पांनी खालूनच बघून आकडा लिहिला आणि बस पकडली.

"तुमच्या पत्रकात तटाची एकूण लांबी छापलीय. त्यातले चाळीस मीटर माझ्या नजरेचे आहेत. बावन्न वर्षं झाली. कुणी पुन्हा मोजलं नाही, सगळे माझ्यावरून उतरवून घेतात." ते थांबले. "घरात कधी बोललो नाही."

आणि म्हणून त्यांना जायचं होतं. टेप एकट्याने धरता येत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. स्वतःच्या मुलाला नेलं तर तो चार ठिकाणी सांगेल. जावई सांगणार नाही, एवढी खात्री होती.

"का?"

"सांगाल कुठल्या तोंडाने?"

तीन नंबर हसला. कितीतरी दिवसांनी, आणि खिडकीत तर पहिल्यांदाच. त्याने जाणवण्याइतका मोठा श्वास सोडला, जाळीवरची धूळ थोडी उडाली. मग त्याने अर्जावर शिक्का मारला, तीन तिकिटं फाडली आणि विचारलं, तो रेघांचा कागद, त्याचं काय करायचं? अप्पा म्हणाले, शनिवारी सकाळी उत्तरेचा तट, बाकीचं मुलगी म्हणेल तसं. चाळीसच्या वर दोन मीटर भरले तर काय, आणि कमी भरले तर काय, यावर दोघं जाळीतून थोडा वेळ बोलले. कमी भरले तर कुणाला कळवायचं नाही, असं ठरलं. जास्त भरले तरीही.

अप्पा गेले. त्यांची चाल हलकी वाटत होती, किंवा तिकिटं पडली का म्हणून खिसा चाचपत गेल्यामुळे तशी दिसत असेल.

मागचा गृहस्थ पुढे सरकला. त्यालाही तटबंदीच्याच गावी जायचं होतं, दोन माणसं, उद्या सकाळी. त्याने सगळं ऐकलं होतं, पण रांगेत इतका वेळ उभं राहिल्यावर विचारायचं ते विचारलंच, की बघण्यासारखं काय आहे तिथे?

तीन नंबरचा हात सवयीने पत्रकांच्या गठ्ठ्याकडे गेला आणि मधेच थांबला.

"ठाऊक नाही हो," तो म्हणाला. "सोमवारी या, सांगतो."

गृहस्थ म्हणाला, सोमवारी तर मी परत आलेलो असेन.

"मग फारच छान," तीन नंबर म्हणाला आणि त्याला समुद्राकडची सीट दिली. "आल्यावर तुम्हीच मला सांगा."