कपाटामागची बुरशी

धाकट्या भावाच्या होणाऱ्या सासरी जायला निघालो तेव्हा आईने मला दारातच बजावलं, "तिथे बुरशीचं नाव काढायचं नाही."

मी प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या घरांतली, ऑफिसांतली हवा आणि भिंती तपासायच्या, त्यांत कुठली बुरशी, कुठले जिवाणू आहेत ते सांगायचं. त्यामुळे कुणाकडेही गेलं की आधी माझं नाक घरात शिरतं, मागून मी.

त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप लावून बसले. होणाऱ्या भावजयीचे वडील निवृत्त बस ड्रायव्हर. गाडीला ब्रेक लावत असतील, पण जिभेला लावायची सवय नाही. त्यांची बायको, म्हणजे काकू, शिवणकाम करायच्या. काकांची गोष्ट जरा रंगात आली की काकूंना खोकल्याची ढास लागायची. त्यात खोलीतल्या भल्यामोठ्या लाकडी कपाटापाशी ओलसर वास. झालं! माझं निदान तिथल्या तिथे पक्कं: कपाटामागे बुरशी.

नाव काढायचं नव्हतं; तपासायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? माझ्या पर्समध्ये झाकणाची एखादी छोटी बशी असतेच. तिच्या तळाशी जेलीसारखं खाद्य असतं. उघडी ठेवली की हवेतले जंतू त्यावर बसतात आणि उबेत ठेवली की वाढून डोळ्यांना दिसतात. हात धुवायच्या निमित्ताने उठले, बशी गुपचूप कपाटावर ठेवली आणि निघताना चक्क विसरले.

दुसऱ्या दिवशी काका प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"तुझं पुडिंग राहिलं होतं गं आमच्याकडे. फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ही म्हणाली, चाखून बघा. म्हटलं, एवढंसंच आणलंय, पोरीने स्वतःपुरतं आणलं असेल."

मी झटकन बशी त्यांच्या हातातून काढून घेतली. सगळं कबूल करावं लागलं. काका रागावले नाहीत, उलट काळजीत पडले. "म्हणजे हिचा खोकला त्या बुरशीमुळे?"

"शंभर टक्के," मी म्हणाले. नव्वद तरी म्हणायला हवं होतं.

रविवारी मी सगळा सरंजाम घेऊन पोचले. धाकट्याने आणि काकांनी कपाट रिकामं केलं, ओढत खोलीच्या मधोमध आणलं. फरशीवर लांबलचक ओरखडा उठला. मागची भिंत ठणठणीत कोरडी, रंग कालच दिल्यासारखा. ओल मोजायच्या यंत्राचा काटा हलायला तयार नाही. वास येत होता तो काकूंनी इस्त्रीसाठी ओलं करून कपाटाच्या कडेला वाळत टाकलेल्या कापडाचा.

तरी मी हट्टाने हवेचे आणि भिंतीचे नमुने घेतले. काही दिवसांनी बशा पाहिल्या, तर जे बाहेरच्या हवेत तेच आणि तेवढंच घरात. एका बशीत मात्र जिवाणूंचे पांढरे ठिपके दाटीवाटीने उगवले होते. मी नाचतच प्रयोगशाळेतल्या साहेबांकडे गेले.

त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "हे माणसाच्या कातडीवरचे. नमुना घेताना हातमोजे होते?"

मध्येच चहा आला होता. तो घेताना काढले, ते पुन्हा घालायचे राहूनच गेले होते.

"मग अभिनंदन," साहेब म्हणाले, "तू स्वतःलाच तपासलंस."

रिपोर्ट घेऊन धाकट्याबरोबर गेले तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, मला काही झालेलं नाही. यांची गोष्ट भलत्या वळणाला लागली की मी खोकते. लग्न झाल्यापासून."

"मग बोलला का नाहीत? कपाट हलवलं, फरशी खराब केली..."

"हे तिथेच उभे होते, कशी बोलणार? आणि कपाटामागे झाडायचं होतंच मला. वर्षभर मागे लागले होते, कुणी हात लावेल तर शपथ!"

बाहेरून काकांनी हाक मारली. "काय म्हणतो रिपोर्ट?"

"घर एकदम निरोगी आहे, काका."

"आणि हिचा खोकला?"

काकू माझ्याकडे रोखून बघत होत्या. "सवयीचा आहे," मी म्हणाले, "औषध देऊ नका."

कपाट अजून खोलीच्या मधोमधच होतं. धाकट्याने बाह्या सरसावल्या.

"या शास्त्रज्ञ ताई, ही बाजू धरा."

मी धरली. भलतंच जड होतं.